कुंडी किती वेळात वाळते?

एचेव्हेरिया या मांसल पानांच्या शोभेच्या झाडाला किती दिवसांनी पाणी घालायचे, हा प्रश्न नातेवाईक आणि शेजारी मला सतत विचारतात आणि त्याला दिवसांच्या आकड्यात उत्तर देणे मी टाळते. आठवड्यातून एकदा म्हणावे, तर तेच वेळापत्रक मे महिन्यात अपुरे पडते आणि जुलैमध्ये झाडाचा जीव घेते. पुण्यातील उघड्या गच्चीवर जे चालते ते ठाण्यातील उंच इमारतीच्या काचबंद बाल्कनीत चालत नाही. मातीच्या उथळ कुंडीतील झाडाला जेवढे पाणी मानवते, तेवढेच पाणी खाली भोक नसलेल्या शोभेच्या वाडग्यात साचून राहते आणि मुळे कुजवते. ही झाडे वाढवताना माझे मत पक्के झाले आहे, की पाणी किती घातले यापेक्षा घातलेले पाणी किती वेळात वाळते हे आधी पाहावे. भरपूर पाणी घातल्यावर कुंडीतील मिश्रण तीन-चार दिवसांत कोरडे होत असेल, तर एखाद्या वेळी हात सैल सुटला तरी झाड तग धरते. तेच मिश्रण दोन आठवडे ओले राहत असेल, तर मोजून मापून घातलेले पाणीही जास्तच होते. माती, कुंडी, ऊन, वारा आणि पावसाळा यांविषयी पुढे जे लिहीत आहे, ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

फुलाच्या आकारात पाने मांडणारी मांसल झाडे महाराष्ट्राला नवी नाहीत. अंगणातील कोरफड आणि शेताच्या बांधावरचा घायपात ही दोन्ही याच बांध्याची आहेत. त्यांच्या खोडाची पेरे अगदी आखूड राहतात, त्यामुळे पाने एकाच ठिकाणाहून निघाल्यासारखी दाटीने येतात. पुष्कळ जातींमध्ये प्रत्येक नवे पान आधीच्या पानापासून सुमारे १३७.५ अंशांनी वळून येते, म्हणून वरचे पान खालच्या पानाला पूर्ण झाकत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला ऊन येते. हौशी लोकांच्या गच्चीवर आज जी निळसर, गुलाबी, जांभळट झाडे दिसतात ती बहुतेक एचेव्हेरिया या प्रजातीतील किंवा तिच्या संकरातून आलेली असतात. क्रॅसुलेसी हे त्यांचे कुळ, म्हणजे आपल्या ओळखीच्या पानफुटीचेच कुळ.

एचेव्हेरियाचे घर मुख्यतः मेक्सिको आहे. स्पेनच्या राजाने १७८७ साली तेथे वनस्पतींच्या नोंदीसाठी एक मोहीम सुरू केली. तीत अतानासिओ एचेव्हेरिया हे चित्रकार होते आणि मोहिमेतील चित्रे पुढे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांडोल यांच्या हाती आली. त्यांनी १८२८ साली या प्रजातीला त्या चित्रकाराचे नाव दिले. काम करणाऱ्या हाताचा असा सन्मान झालेला पाहून मला फार बरे वाटते, कारण त्या काळी चित्रकाराचे नाव सहसा मागेच राहत असे.

मेक्सिको म्हटले की वाळवंट डोळ्यांसमोर येते आणि तेथूनच गैरसमज सुरू होतो. एचेव्हेरियाच्या पुष्कळ जाती डोंगराळ, उंच प्रदेशात, कड्यांच्या फटींत आणि खडकांच्या कपारींत वाढतात. पांढरट निळ्या रंगाची, अत्यंत देखणी एचेव्हेरिया एलेगान्स ही हिदाल्गो राज्यातील डोंगराळ भागातील आहे. त्या पठारावर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर याच महिन्यांत, म्हणजे जवळजवळ आपल्याच हंगामात पडतो. मग तेथे पावसात फुलणारे झाड आपल्याकडे पावसात का सडते? पहिले कारण उंचीचे आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि तेथे भर जुलैतही रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि येथे पावसाळ्यातील रात्री बावीस अंशांच्या खाली फारशा जात नाहीत. दुसरे कारण कड्याचे आहे. फटीत मूठभर माती असते, पाणी आले तसे वाहून जाते आणि उरलेला ओलावा वारा घेऊन जातो. आपल्याकडे मात्र आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, हवा दमट राहते आणि कुंडी वाळायला सवडच मिळत नाही.

हीच गोष्ट सह्याद्रीनेही शिकवली आहे. जुन्नर परिसरात आणि शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची, महाराष्ट्राबाहेर न आढळणारी मांसल वनस्पती वाढते. ती पावसाळ्यात पाने धरते, कोरड्या दिवसांत ती गाळून नुसत्या खोडावर राहते आणि मुसळधार पाऊस सहज सोसते, कारण ती जेथे उभी असते त्या उभ्या कातळावर पाणी थांबतच नाही. ती दुर्मिळ आहे, तेव्हा कोणी तिची फांदी घरी आणण्याचा विचारही करू नये. पण कड्यावरील झाडाला काय हवे असते हे समजून घेण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण आपल्याजवळ दुसरे नाही.

उष्ण रात्री या झाडांना का मानवत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या श्वासात आहे. दिवसा पानांची रंध्रे उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ही झाडे रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्यावर अन्न तयार करतात. या प्रक्रियेचा एक आरंभीचा धागा भारतातच सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान चाखून पाहिले आणि ते सकाळी आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळकडे किंचित कडवट लागते हे १८१३ सालच्या पत्रात कळवले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा वापरले जाते, म्हणून चव बदलते. रात्र थंड असेल तर हा व्यवहार नीट चालतो. रात्र उष्ण असली की तो मंदावतो, झाडाची पाण्याची उचल कमी होते आणि कुंडीतील ओल तशीच राहते. पुण्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत एचेव्हेरिया जशी वाढते आणि रंगते, तशी मुंबईत का रंगत नाही, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

आता मातीविषयी, आणि येथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. रोपवाटिकेतून आणलेले झाड बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेले असते. रोपवाटिकेला ते सोयीचे असते, कारण कोकोपीट हलके असते आणि वाहतुकीत ओल टिकवून धरते. घरी मात्र ते वरून कोरडे दिसत असतानाही आतून ओले राहते, आणि एकदा खडखडीत वाळले की पाणी सहजासहजी शोषत नाही. त्यामुळे नवे झाड आणल्यावर ते कुंडीतून काढून मुळांभोवतीचे कोकोपीट हलक्या हाताने झाडून टाकावे, मुळे दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावीत आणि मगच आपल्या मिश्रणात लावावे. लावल्यावर लगेच पाणी घालू नये. तुटलेल्या बारीक मुळांच्या जखमा भरायला चार-पाच दिवस द्यावेत.

मिश्रणासाठी प्यूमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) आणि पर्लाइट (तापवून फुगवलेले ज्वालामुखी काचेचे पांढरे खडे) यांची नावे सर्वत्र वाचायला मिळतात. दोन्ही उत्तम आहेत, पण प्यूमिस महाग पडतो आणि पर्लाइट इतका हलका असतो की काही महिन्यांत तो पाण्याबरोबर वर येऊन तरंगतो. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्याला मुरूम हाताशी असताना इतके दूर जाण्याची गरज नाही. बेसाल्ट झिजून तयार झालेला कडक मुरूम आणावा, बोटांनी दाबून भुगा होणारे मऊ खडे बाजूला काढावेत, उरलेला मुरूम बांधकामाच्या चाळणीने चाळून तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे घ्यावेत आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावेत. भाजलेल्या पक्क्या विटेचे तेवढेच बारीक तुकडेही चालतात. ते थोडे पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. बांधकामावरची क्रश सँड वापरायची असेल, तर तिच्यातील पीठ धुऊन काढल्याशिवाय वापरू नये, कारण तेच पीठ खाली बसून सिमेंटसारखे घट्ट होते. मी पुण्यात असे खडे तीन भाग आणि चाळलेले गांडूळखत किंवा जुने पालापाचोळ्याचे खत एक भाग घेते, त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि लाकडी कोळशाचे थोडे बारीक तुकडे मिसळते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी खडे चार-पाच भागांपर्यंत वाढवावेत. बागेतील काळी माती मात्र यात अजिबात घालू नये. तिचा ओलावा धरण्याचा गुण ज्वारीसाठी वरदान आहे आणि एचेव्हेरियासाठी मरण.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे, पण ती बरोबर नाही. बारीक मिश्रणातील पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. ते त्या थराच्या वरच अडून राहते आणि मुळांजवळचा ओला पट्टा उलट वर सरकतो. सगळी कुंडी एकाच जाड, खडेदार मिश्रणाने भरावी आणि तळाच्या भोकावर फक्त जाळीचा तुकडा ठेवावा. कुंडी शक्यतो मातीची, उथळ आणि झाडाच्या पसाऱ्यापेक्षा दोन बोटे मोठी असावी. मोठ्या कुंडीत झाड मोकळेपणाने वाढेल असे वाटते, परंतु मुळे जेथपर्यंत पोहोचत नाहीत तेथील ओलावा ओढून घेणारे कोणीच नसते.

पाणी घालताना ते खालच्या भोकातून वाहेपर्यंत घालावे, आणि पुन्हा घालण्यापूर्वी मिश्रण तळापर्यंत कोरडे झाल्याची खात्री करून घ्यावी. अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढली की ओल कळते. काही दिवसांनी कुंडी उचलून पाहिल्यावर वजनावरूनही अंदाज येऊ लागतो. झाड स्वतःही सांगत असते. तहानलेल्या झाडाची खालची पाने मऊ पडतात आणि त्यांवर बारीक सुरकुत्या येतात. पाणी जास्त झालेल्या झाडाची पाने फुगीर, काचेसारखी आरपार आणि पिवळट होतात व बोट लागताच गळतात. सर्वांत खालची एखाद-दोन पाने कागदासारखी वाळणे ही मात्र झाडाची नेहमीची रीत आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाणी सकाळी लवकर, झारीच्या बारीक नळीने मातीतच घालावे. पानांच्या मध्यभागी थेंब साचला तर फुंकर मारून उडवावा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर मिश्रणावर पांढरे पापुद्रे धरतात, म्हणून अधूनमधून साठवलेले पावसाचे पाणी भरपूर घालून क्षार धुऊन काढावेत. पंधरा दिवसांनी एकदा स्प्रेने पाने भिजवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो चुकीचा वाटतो, कारण मुळांना त्याचा काही उपयोग होत नाही आणि पानांच्या बेचक्यांत ओल राहते.

अनेक एचेव्हेरियांच्या पानांवर द्राक्षांवर असते तशी पांढरट, मेणचट भुकटी असते. ती कडक ऊन परतवते, पाणी घरंगळू देते आणि झाडाला तो सुंदर निळसर रंगही तीच देते. बोट लागले की ती पुसली जाते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. नवी पाने येऊन जुने पान खाली जाईपर्यंत तो डाग दिसत राहतो. म्हणून झाड उचलायचे ते नेहमी कुंडीला किंवा खोडाला धरून उचलावे, आणि धूळ बसली असेल तर फडक्याने न पुसता मऊ ब्रशने किंवा हवेने उडवावी.

उन्हाच्या बाबतीत एचेव्हेरिया तडजोड करत नाही. तिला रोज किमान चार-पाच तास थेट ऊन लागते आणि त्यातही सकाळचे ऊन सर्वांत चांगले. ऊन कमी पडले की खोड लांबते, पानांमधील अंतर वाढते, पाने खाली झुकतात आणि झाड हिरवट फिके पडते. एकदा लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. दिवाणखान्यातील टीपॉयवर हे झाड ठेवलेली छायाचित्रे छान दिसतात, पण त्या जागी ते जास्त काळ टिकत नाही. ज्यांच्याकडे फक्त उत्तरेची बाल्कनी आहे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया ही झाडे निवडावीत. झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत वाढण्याची त्यांना सवय असते, आणि पांढऱ्या पट्ट्यांची हॉवर्थिया एचेव्हेरियापेक्षा कमी देखणी आहे असे मला मुळीच वाटत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा ३८-४० अंशांवर गेला की दुपारचे ऊन गच्चीच्या फरशीवरून परावर्तित होऊन खालूनही भाजते. त्या दिवसांत पन्नास टक्क्यांची हिरवी किंवा पांढरी शेडनेट लावावी आणि कुंड्या फरशीवर न ठेवता लोखंडी मांडणीवर किंवा विटांवर ठेवाव्यात. सावलीत राहिलेले झाड एकदम उन्हात नेले तर पानांवर तपकिरी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांत थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे. हिवाळ्यात कडांवर जो लाल-गुलाबी रंग येतो तो भरपूर ऊन, थंड रात्री आणि बेताचे पाणी या तिन्हींच्या मेळातून येतो. त्यासाठी कुठलेही खत किंवा औषध मिळत नाही, आणि मिळते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

पावसाळा ही खरी परीक्षा असते, आणि तिची तयारी जूनमध्ये न करता मे महिन्यातच करावी लागते. पहिल्या वळवाच्या आधी प्रत्येक कुंडीतील वाळकी पाने चिमट्याने काढावीत, कारण ओल लागली की बुरशी आणि कीड तेथूनच सुरू होते. ज्यांचे मिश्रण दोन वर्षांपेक्षा जुने आणि बारीक झाले आहे त्यांची माती तेव्हाच बदलावी. जूनपासून झाडे पारदर्शक छताखाली ठेवावीत; पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक दोन्ही चालतात, मात्र चारही बाजू उघड्या असल्या पाहिजेत. पावसापासून वाचवण्यासाठी झाडे घरात आणून बंद खिडकीशी ठेवणे हा मला त्याहून वाईट उपाय वाटतो, कारण तेथे ऊनही नसते आणि वाराही नसतो. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे, खालच्या ताटल्या काढून टाकाव्यात, आणि हवा अगदी कोंडलेली असेल तर दिवसातून काही तास टेबलफॅन लावावा. साध्या पंख्याइतका उपयोग मला बुरशीनाशकाचाही झालेला नाही.

या चार महिन्यांत खत पूर्ण बंद ठेवावे. पाणी पंधरा-वीस दिवसांनी, तेही दोन दिवस उघडीप मिळणार असे दिसल्यावर, काठाने थोडेसे द्यावे. पाने टणक असतील तर तेही देऊ नये. ज्यांच्या भागात पाऊस फार आहे त्यांनी सुरुवातीला एकदा कार्बेन्डाझिम व मँकोझेब या बुरशीनाशकांचे तयार मिश्रण पाकिटावरील प्रमाणात, हातमोजे घालून आणि मुलांना दूर ठेवून वापरायला हरकत नाही, परंतु ओली कुंडी कोणत्याही औषधाने कोरडी होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक झाड बोटाने हलकेच हलवून पाहावे. झाड डुगडुगले किंवा खोडाशी काळा रंग दिसला, तर त्याच क्षणी ते उपटावे आणि धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने खोड वरून खाली न कापता खालून वर चकत्या करत कापत जावे. जोपर्यंत कापलेल्या भागाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका दिसतो तोपर्यंत सड उरलेली असते. पूर्ण हिरवट-पांढरा, स्वच्छ काप मिळाला की थांबावे. वरचा भाग आठवडाभर कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवून मग कोरड्या खड्यांवर टेकवून ठेवला, तर त्याला पुन्हा मुळे फुटतात.

जातींच्या निवडीत बराचसा त्रास वाचवता येतो. नवख्या माणसाने ग्राप्टोपेटलम पॅराग्वायेन्से या झाडापासून सुरुवात करावी. नावात पॅराग्वे असला तरी ते मेक्सिकोतील तामाउलिपास राज्यातील आहे, उन्हात गुलाबी-पिवळट आणि सावलीत निळसर दिसते, आणि मुंबईच्या दमट हवेतही बऱ्यापैकी टिकते. ग्राप्टोपेटलम आणि एचेव्हेरिया यांच्या संकरातून आलेली डेबी आणि फ्रेड आइव्ह्ज ही झाडे पुण्यात फार छान होतात. एचेव्हेरियांमध्ये जांभळट गुलाबी पर्ल फॉन न्यूर्नबर्ग आणि गडद रंगाची ब्लॅक प्रिन्स या दोन्ही सोशिक आहेत. जाड भुकटीची लाउई मात्र दोन-तीन पावसाळ्यांचा अनुभव गाठीशी आल्यावरच आणावी.

सेम्परव्हिव्हमचा मोह मात्र पुणेकरांनी टाळावा असे मला वाटते. ते युरोपातील डोंगरांचे झाड आहे आणि बर्फाखालीही जगते. सम्राट शार्लमेनच्या काळातील, इ. स. ८०० च्या सुमाराच्या एका फर्मानात माळ्याने ते आपल्या घराच्या छपरावर लावावे असे लिहिले आहे, कारण ते विजेपासून घराचे रक्षण करते अशी श्रद्धा होती. इतके सोशिक झाड दख्खनच्या उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील उष्ण रात्रींपुढे हरते. हिमाचलात किंवा उत्तराखंडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी ते अवश्य लावावे. कॅनरी बेटांवरील एओनियम थोडे सोपे आहे, पण त्याचे वर्ष उलटे चालते: ते थंडीत वाढते आणि उन्हाळ्यात पाने मिटून घट्ट गड्डा करून झोपते. त्या झोपेत त्याला पाणी घालून जागे करण्याचा प्रयत्न करू नये.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू आहे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, किंवा कुंडीवर मुंग्यांची ये-जा वाढली, की झाड बाकीच्यांपासून लगेच वेगळे करावे. मुंग्या या किडीने सोडलेला गोड चिकटा खातात आणि तिला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक पुंजका संध्याकाळी टिपावा आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. पाने निस्तेज आहेत, पाणी देऊनही टवटवी येत नाही आणि वर कीड दिसत नाही, अशा वेळी झाड उपटून मुळे पाहावीत, कारण हीच कीड मुळांवरही राहते. तशी सापडली तर सगळे मिश्रण फेकून द्यावे, मुळे धुवावीत आणि झाड नव्या खड्यांत लावावे. कडुनिंबाचे तेल पानांवरील भुकटी उतरवते आणि त्यावर ऊन पडले तर पाने भाजतात, म्हणून भुकटी असलेल्या झाडांवर मी ते वापरत नाही. फुलांच्या दांड्यावर मावा पडला तर दांडाच कापलेला बरा. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात. त्यांना टॉर्च घेऊन हाताने वेचण्यासारखा उपाय नाही.

घायपाताला एकदा फुलोरा आला की ते झाड संपते, हे गावाकडच्या लोकांनी पाहिलेले असते, आणि त्यामुळे एचेव्हेरियाला दांडा आला की अनेक जण घाबरून तो कापतात. सेम्परव्हिव्हमचा फुललेला गुच्छही मरतो हे खरे आहे. एचेव्हेरियाचे तसे नसते. तिचा दांडा पानांच्या बगलेतून निघतो, मधला कोंब वाढतच राहतो, आणि केशरी-गुलाबी घंटेसारखी फुले दरवर्षी येऊ शकतात. तिच्या मूळ प्रदेशात हमिंगबर्ड या फुलांतील मध घ्यायला येतात. झाड अशक्त असेल तरच दांडा काढावा.

नवी झाडे करण्यासाठी पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. खालचे निरोगी पान डावीकडे-उजवीकडे हलवत असे सोडवावे की त्याचा बुडखा अखंड निघेल, कारण नवा कोंब तेथूनच फुटतो. मध्येच तुटलेल्या पानाला क्वचितच काही येते. पाने दोन-तीन दिवस वाळवून मिश्रणावर नुसती ठेवावीत, पुरू नयेत. काही आठवड्यांत गुलाबी मुळे आणि इवलासा गुच्छ दिसतो, आणि आईपान आपला सगळा रस देऊन सुकून जाते. तोपर्यंत ते ओढून काढू नये. लांबलेल्या झाडाचा वरचा गुच्छ दोन बोटे खोड ठेवून कापावा, आठवडाभर वाळवावा आणि लावावा; खालच्या बुंध्यावर तीन-चार पाने ठेवली तर तेथे बहुधा बाजूने नवे कोंब फुटतात आणि एका बिघडलेल्या झाडाची अनेक चांगली झाडे होतात.

विकत घेताना थोडी पारख करावी. पुण्याच्या आसपास सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन भागात रोपवाटिका पुष्कळ आहेत, आणि एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातही ही झाडे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. दुकानात कुंडीवर रंगीत खडे चिकटवलेले असतील किंवा पानांवर रंग फवारलेला असेल तर ते झाड घेऊ नये. इंटरनेटवर इंद्रधनुषी रंगांच्या एचेव्हेरियाचे बी म्हणून जे विकले जाते त्याची छायाचित्रेच रंगवलेली असतात. तशी झाडे निसर्गात नाहीत. बाहेरून मागवलेली पुष्कळ झाडे कालिंपाँगसारख्या डोंगरी गावांतून, सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या थंड हवेतून, मुळे उघडी करून कुरिअरने येतात. ती मे ते सप्टेंबर या काळात मागवू नयेत. नोव्हेंबरमध्ये मागवली, आल्यावर दोन दिवस सावलीत उघडी ठेवली, मुळांवर पांढरे पुंजके नाहीत हे पाहून कोरड्या खड्यांत लावली आणि आठवड्याने पहिले पाणी दिले, तर त्यांना पुण्याच्या हवेत रुळायला हिवाळ्याचे तीन महिने मिळतात.